जुना ट्रॉम्बोन घेताना : नावाआधी नळीचं माप पाहा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा महाल-इतवारीच्या रस्त्यांवर शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. ढोल-ताशे, धुमालच्या गाड्या, बडग्यांमागून ओरडत धावणारी पोरं. असल्या गदारोळात पितळी वाद्याला ऐकू यायचं असेल तर त्याच्या आवाजाला धार लागते. तेच वाद्य संध्याकाळी एखाद्या सभागृहात गायकाच्या मागे वाजवलं, तर तीच धार कानाला बोचते. जुने ट्रॉम्बोन एकमेकांशी ताडून पाहताना पहिला प्रश्न म्हणूनच "कोणता चांगला?" हा नसून "कुठे वाजवायचा?" हा असायला हवा. याचं उत्तर ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

नागपुरात ट्रॉम्बोन मुळात कमीच. लग्नाच्या बँडात ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियमची गर्दी असते. नळी मागेपुढे सरकवून वाजवायचा ट्रॉम्बोन क्वचित दिसतो, आणि दिसला तर पहिल्या रांगेत. वऱ्हाडी मंडळींना तो ऐकण्याइतकाच बघायलाही आवडतो. मात्र या भागाचा लष्करी वाद्यवृंदाशी संबंध जुना आहे. कामठीची छावणी १८२१ची. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना सरकार उन्हाळ्यात ज्या पचमढीला मुक्काम हलवायचं, त्याच पचमढीत १९५० पासून लष्कराची मिलिटरी म्युझिक विंग आहे आणि देशभरातले लष्करी वादक तिथे तयार होतात. ट्रॉम्बोनबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर अशा शिक्षणातून गेलेला निवृत्त बँडवाला हा सगळ्यात भरवशाचा माणूस. दुकानदाराचा क्रमांक त्यानंतरचा.

वाद्याची रचना एकदा स्वरांच्या भाषेत समजून घेतली की पुढची तुलना सोपी होते. नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर सुमारे २.७ मीटर भरते आणि तिचा मूळ स्वर काळी पाच. स्लाइड, म्हणजे ती सरकती नळी, पूर्ण आत ठेवून केवळ ओठांचा ताण बदलला की काळी पाचच्या हिशेबाने सा, प, वरचा सा, ग आणि प असे स्वर निघतात. बाकीचे स्वर स्लाइड बाहेर ढकलून मिळतात. तिच्या सात जागा मानल्या जातात. वरच्या सा पासून निघालं तर त्या सात जागांवर सा, नि, कोमल नि, ध, कोमल ध, प आणि तीव्र म मिळतात. मधल्या प पासून निघालं तर प, तीव्र म, शुद्ध म, ग, कोमल ग, रे आणि कोमल रे.

याचा अर्थ असा, की यमनातली प-रे ही मींड ट्रॉम्बोनवर एका ओढीत, मध्ये कुठेही न तुटता येते. ट्रम्पेटवर किंवा पेटीवर ही गोष्ट शक्य नाही. पुढे रे वरून खालच्या सा वर उतरताना मात्र साध्या ट्रॉम्बोनची नळी संपते. वादकाला स्लाइड झटकन आत घेऊन सा पकडावा लागतो आणि मींड तिथे तुटते. अंगठ्याने दाबायची झडप आणि नळीचा एक जादा वेटोळा असलेल्या ट्रॉम्बोनवर हीच रे-सा मींडही अखंड निघते. ही झडप लाइपझिगच्या क्रिस्टियान फ्रिडरिश झाटलर यांनी १८३९ मध्ये पहिल्यांदा बसवली. पाश्चात्त्य वादक ती खर्जातल्या स्वरांसाठी वापरतात. आपल्याकडे रागाची चाल वाजवू पाहणाऱ्याला तिचा वेगळाच फायदा आहे, आणि विकत घेताना तो हिशेबात धरावा.

आता धारेचा मुद्दा. आवाजाचा पोत बऱ्याच अंशी नळीच्या आतल्या व्यासावर ठरतो. जुन्या इंग्रजी ट्रॉम्बोनचा व्यास साधारण साडेअकरा मिलिमीटर, आजच्या ऑर्केस्ट्रातल्या ट्रॉम्बोनचा १३.९ मिलिमीटर. कागदावर हा फरक नगण्य वाटतो, कानाला मात्र दोन निराळी वाद्यं ऐकू येतात. ट्रॉम्बोन जोरात फुंकला की नळीतल्या हवेच्या दाबाची लाट पुढे सरकता सरकता उभी होत जाते, कारण दाबाचा माथा खोलगटापेक्षा किंचित वेगाने धावतो. लाट पुरेशी उभी झाली की तिची आघात-लहर बनते. संशोधक हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही गोष्ट प्रत्यक्ष मोजून दाखवली. पितळी वाद्याचा तो 'झण्ण' करणारा, चकाकणारा आवाज इथून येतो. अरुंद नळीत तेवढ्याच आवाजासाठी आतला दाब जास्त होतो, म्हणून ती लवकर झणझणते. रुंद नळी बराच वेळ गोल आणि दाट राहते, आणि अगदी जोर लावला तरच चकाकते.

हे कळलं की नावांचं दडपण उरत नाही. भोंग्यावर कोरलेलं घराणं कितीही मोठं असो, नळी अरुंद असेल तर ते वाद्य मखमली गाणार नाही.

आपल्याकडे जुन्या ट्रॉम्बोनमध्ये इंग्रजी वाद्यं अधिक संभवतात. पलटणींचा वारसा तसाच आहे. भोंग्यावरची अक्षरं नीट वाचली तर काळ बऱ्यापैकी कळतो. 'बूझी अँड कंपनी, रीजंट स्ट्रीट' किंवा 'हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस' असं असेल तर वाद्य १९३० पूर्वीचं, कारण त्या वर्षी या दोन लंडनच्या कंपन्या एक होऊन बूझी अँड हॉक्स झाली. हॉक्सच्या उंची मालावर 'एक्सेलसियर सोनोरस क्लास' अशी अक्षरं असतात. 'बूझी अँड हॉक्स' हे जोडनाव दिसलं तर वाद्य त्यानंतरचं. 'इम्पीरियल' हा त्यांचा वरचा वर्ग, 'रीजंट' शिकाऊंसाठीचा. बेसन हे तिसरं जुनं नाव, तेही पुढे याच कंपनीकडे गेलं. वाद्यावर पलटणीचं नाव किंवा सरकारी मालाची बाणाची खूण असेल तर ते लष्करातून आलेलं समजावं.

या अरुंद नळीच्या ट्रॉम्बोनला खुद्द इंग्रज वादक गंमतीने 'पीशूटर' म्हणत, म्हणजे वाटाणे उडवायची पोरांची फुंकनळी. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो हलकेपणा. भोंगा लहान, सोळा-सतरा सेंटिमीटरचा. हळू फुंकला तर आवाज सडसडीत, जवळजवळ गळ्यातून गायल्यासारखा लागतो. थोडा जोर वाढवला की लगेच कडा उमटते. कमी श्वासात भागतं, त्यामुळे वरातीत दोन तास चालत वाजवणाऱ्याचा दम टिकतो. गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवायचा, तो याच इंग्रजी परंपरेतला. त्याच होल्स्टने संस्कृत शिकून महाभारतातल्या सावित्रीवर ऑपेरा लिहिला. ट्रॉम्बोन आणि सावित्री एकाच माणसाच्या आयुष्यात सापडणं तसं दुर्मीळच.

इंग्रजी वाद्यात एक मोठा खड्डा आहे, आणि नवखा घेणारा हमखास त्यात पडतो. तो म्हणजे चढा सूर. आज जगभर पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, हे १९३९च्या लंडन परिषदेत ठरलं. त्याआधी इंग्लंडच्या लष्करी आणि पितळी बँडांत हाच स्वर ४५२.५ कंपनांवर लावत. लष्कराने १९२०च्या दशकाच्या अखेरीस सूर खाली आणला, नागरी पितळी बँड तर १९६०च्या दशकापर्यंत वरच होते. फरक जवळजवळ पाव स्वराचा. म्हणजे चढ्या सुरातल्या ट्रॉम्बोनची काळी पाच आजच्या पेटीवर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी पडते. वाद्य देखणं, स्लाइड मऊ, भाव वाजवी, आणि घरी आणून कॅसिओबरोबर लावलं की एकही स्वर जुळत नाही.

चढ्या सुरातली क्लॅरिनेट हाती आली तर ती शोभेच्या कपाटातच जायची, तिची भोकं हलवता येत नाहीत. ट्रॉम्बोनचं नशीब बरं. पाव स्वर उतरवायला नळीची एकूण लांबी साडेसात सेंटिमीटरने वाढवावी लागते. सूर लावायची मागची नळी दोन्ही पायांनी बाहेर येते, म्हणून ती पावणेचार सेंटिमीटर ओढली की काम होतं. अडचण अशी की जुन्या वाद्यांत ही नळी बऱ्याचदा तेवढी लांब नसते. मग दुसरा उपाय म्हणजे मुख्य स्लाइडच तेवढी बाहेर ठेवून तिथून पहिली जागा मोजायची. असं केलं की सातवी जागा हातची जाते, म्हणजे खालचा कोमल रे. भूपाली किंवा दुर्गा वाजवणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. मारव्याच्या वाटेला जाऊ पाहणाऱ्याने मात्र विचार करावा. कसबी कारागिराकडून सुराची नळी लांब करून घेणं हा कायमचा इलाज.

त्यात नागपूरचा उन्हाळा. हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर चढतो. वादकाचा श्वास कायम एकाच तापमानाचा असल्याने हिशेबाइतका पूर्ण फरक पडत नाही, पण मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास निघालेल्या वरातीत तो कानाला सहज कळतो. गाडीवरच्या कॅसिओचा सूर मात्र जागचा हलत नाही. चढ्या सुराचा ट्रॉम्बोन आणि मे महिना एकत्र आले तर पावणेचार सेंटिमीटरही पुरत नाहीत. म्हणून जुनं इंग्रजी वाद्य तपासायचं ते दुपारीच तपासावं. डिसेंबरच्या सकाळी ते नेहमीपेक्षा शहाणं वाटतं.

अमेरिकन वाद्यांवर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सुराची खूणच ठोकलेली आढळते. 'एल' किंवा 'एल.पी.' म्हणजे उतरता, आजच्या जवळचा सूर. 'एच' किंवा 'एच.पी.' म्हणजे चढा. ही खूण अनुक्रमांकाजवळ असते, भिंग घेऊन पाहावी.

इंग्रजी बाजारातला आणखी एक चकवा म्हणजे 'जी' मधला बास ट्रॉम्बोन. त्याची स्लाइड इतकी लांब की शेवटच्या जागांपर्यंत माणसाचा हात पोहोचत नाही, म्हणून तिला एक बिजागरीचा दांडा लावलेला असतो. दांडा दिसला की समजावं, हे काळी पाचचं वाद्य नव्हे, त्याच्या तीन पट्ट्या खालचं आहे. संग्रहाला झकास, रोजच्या बँडला निरुपयोगी.

अमेरिकन वाद्यांची गोष्ट वेगळी. तिथे चार नावं पुन्हा पुन्हा येतात आणि चौघांचे स्वभाव खरोखर वेगळे आहेत.

इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावच्या कॉनचा '८८ एच' हा १९५० च्या दशकातला ट्रॉम्बोन जुन्या वाद्यांच्या शौकिनांत फार मानला जातो. नळी १३.९ मिलिमीटर, अंगठ्याची झडप, साडेआठ इंची भोंगा, आणि त्या भोंग्यात तांब्याचं प्रमाण जास्त, म्हणून रंग तांबूस. आवाज गडद, रुंद, उबदार. हळू वाजवतानाही पोकळ होत नाही. इंग्लंडमधल्या वादकांनी याच दशकात पीशूटर खाली ठेवून अशी रुंद वाद्यं उचलली. लंडन सिंफनीत १९५७ पासून तीन दशकं मुख्य ट्रॉम्बोनवादक राहिलेले डेनिस विक हे या बदलातलं मोठं नाव. कॉन कंपनी १९६९ मध्ये विकली गेली आणि पुढे पितळी वाद्यांचं काम टेक्ससला हललं. म्हणून विकणारे 'एल्कहार्टचा कॉन' असं मुद्दाम सांगतात आणि त्याचे जास्तीचे पैसे मागतात. एल्कहार्टच्या काळातही सगळी वाद्यं सारखी उतरली नव्हती, हे विकणारा सांगत नाही. गावाच्या नावाला भाळू नये, वाजवून पाहावं.

व्हिन्सेंट बाख यांचा '४२' मापाने कॉनच्या ८८ एचसारखाच, तोही १३.९ मिलिमीटरचा आणि साडेआठ इंची भोंग्याचा. तरी ऐकताना फरक लगेच कळतो. कॉनचा आवाज खोलीभर पसरतो, बाखचा एका दिशेने घट्ट बांधलेला जातो. बाखवर स्वर अचूक जागी बसतो, आणि वादकाचा सूर हलला तर तेही स्पष्ट ऐकू येतं. बाख यांचा कारखाना १९५३ मध्ये न्यू यॉर्क शहरातून जवळच्या माउंट व्हर्ननला गेला. १९६१ मध्ये त्यांनी तो सेल्मरला विकला आणि पुढे कामही एल्कहार्टला आलं. माउंट व्हर्ननच्या काळातली वाद्यं सर्वाधिक महाग. हा भाव बराचसा दुर्मीळपणाचा आहे. आवाजासाठी घेणाऱ्याने नंतरचा चांगला राखलेला ४२ घेतला तरी काही गमावत नाही.

क्लीव्हलंडच्या एच. एन. व्हाइट कंपनीचे 'किंग' हे मधल्या मापाचे, आणि नागपूरच्या गरजेला प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्यात जवळचे. '२ बी' ची नळी दुहेरी, एका पायात १२.२ आणि दुसऱ्यात १२.५ मिलिमीटर, भोंगा पावणेआठ इंचांहूनही लहान. '३ बी' १२.९ मिलिमीटरचा, आठ इंची भोंग्याचा. २ बी चपळ, चमकदार, आणि पीशूटरसारखा लगेच कर्कश होत नाही. ३ बी त्याचाच थोडा भारदस्त भाऊ. गाण्यामागे हळुवार वाजतो, आणि जोर दिला तर रस्त्यावरही टिकतो. काही किंग ट्रॉम्बोनचा भोंगा अख्खा चांदीचा असतो. चांदीचा आवाज वेगळाच लागतो असं वादक छातीठोकपणे सांगतात. डोळे बांधून ऐकवलं तर किती जणांना ओळखता येईल, याची शंका घ्यायला जागा आहे. भोंग्याच्या पत्र्याची जाडी आणि आकार यांचा परिणाम धातूच्या किमतीपेक्षा जास्त असतो. कॉनचा '६ एच' हाही याच मधल्या गटातला, १२.७ मिलिमीटरचा.

ओल्ड्स ही कॅलिफोर्नियाची कंपनी, आधी लॉस एंजलिसला, मग फुलर्टनला. १९७९ मध्ये बंद पडली. त्यांचा 'अँबॅसडर' शाळकरी मुलांसाठी काढलेला, म्हणून आजही तो तुलनेने स्वस्त मिळतो. शाळकरी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पत्रा जाड, जोड भक्कम, स्लाइड मुलायम. आवाज सरळ, थोडा कोरडा. बस-रेल्वेच्या प्रवासात आणि वरातीच्या धक्काबुक्कीत टिकणारा जुना ट्रॉम्बोन हवा असेल तर याच्याकडे आधी पाहावं.

फ्रेंच कूर्त्वा अरुंद आणि गोड; जर्मन वाद्यं रुंद भोंग्याची, नळीला सापाच्या आकाराची नक्षी असलेली. दोन्ही आपल्याकडे इतकी विरळ की त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मेरठकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. तिथल्या जली कोठी भागात देशातल्या बँडवाल्यांची बहुतेक पितळी वाद्यं बनतात. नादिर अली अँड कंपनी ही तिथली जुनी पेढी १८८५ची. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय लग्नाच्या बँडांवर लिहिलेल्या 'ब्रास बाजा' या २००५ च्या पुस्तकात या जगाचं तपशिलात वर्णन आहे. मेरठचा ट्रम्पेट किंवा युफोनियम कामचलाऊ असला तरी वाजतो. ट्रॉम्बोनचं गणित अवघड, कारण त्यात सगळं वाद्य स्लाइडवर उभं असतं. आतल्या आणि बाहेरच्या नळीमधली फट केसाच्या जाडीपेक्षा कमी लागते आणि दोन्ही पाय अगदी समांतर लागतात. इथे हातकामाची ढिलाई झाकता येत नाही. म्हणून मेरठचा स्लाइड ट्रॉम्बोन घ्यायचा तर चार समोर ठेवून त्यातला एक निवडावा. पिस्टनचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या बटणांचा ट्रॉम्बोन मेरठचा चालेल. जलद गाण्यांना तो सोयीचा, आणि युफोनियमवरून येणाऱ्याला बोटं नव्याने शिकावी लागत नाहीत. मींड मात्र त्याच्यावर विसरायची, आणि मींड नको असेल तर ट्रॉम्बोन घ्यायचाच कशाला, असा प्रश्न उरतो.

चित्रपटसंगीताचा ठसका हवा असणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. सी. रामचंद्र म्हणजे अण्णा चितळकर यांनी 'शहनाई' (१९४७) आणि 'अलबेला' (१९५१) मध्ये नाचत्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा बाज हिंदी गाण्यात मुरवला. अलबेलात चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक पडद्यावरही दिसतात. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ब्लास्को मोन्सोराट यांचा ट्रॉम्बोन होता. ही गाणी मूळ ध्वनिमुद्रणात कान देऊन ऐकली तर लक्षात येतं की तिथे पितळी वाद्यांचा तुकडा आखूड, टोकदार आणि क्षणात थांबणारा आहे. असा तुकडा रुंद ८८ एचवर वाजवायला गेलं तर त्याला सूज आल्यासारखी वाटते. १२ ते १३ मिलिमीटरच्या मधल्या गटातलं कोणतंही वाद्य इथे उजवं ठरतं.

आता प्रत्यक्ष तुलना कशी करायची. दोन-तीन वाद्यं समोर असतील तर शक्यतो एकच माउथपीस सगळ्यांना लावावा, नाहीतर माउथपीसचीच तुलना होते. इथे अडचण येते. रुंद वाद्यांचा माउथपीस जाड दांड्याचा, मधल्या आणि अरुंद वाद्यांचा बारीक दांड्याचा, आणि जुन्या इंग्रजी वाद्यांत तर आजचा बारीक दांडाही कधी कधी नीट बसत नाही, हलतो किंवा अर्ध्यात अडकतो. अशा वेळी निदान कडेचं माप सारखं असलेले माउथपीस घ्यावेत. मूळ माउथपीस वाद्याबरोबर मिळत असेल तर तो सोडू नये.

खोली एकच, उभं राहायची जागा एकच. ऐकणाऱ्याने पाठ करून बसावं, म्हणजे भोंग्यावरचं नाव कानात शिरत नाही. मोबाइलवर मुद्रण करायचं तर फोन तीनेक मीटर लांब ठेवावा आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. ती चालू असली की पीशूटर आणि ८८ एच सख्खे भाऊ वाटू लागतात. वाजवायला तीन गोष्टी पुरतात. मधला प अगदी हळू धरून हळूहळू जोर वाढवत नेणं. कडा कुठे उमटते ते ऐकायचं. मग प-रे मींड संथ लयीत. नळी कुठे अडखळते, आवाज कुठे पातळ होतो ते कळतं. शेवटी ओळखीच्या गाण्याचा एक जलद तुकडा. सुराची तपासणी तानपुऱ्याच्या ॲपबरोबर करावी, आणि स्लाइड पूर्ण आत ठेवून मिळणारा वरचा ग मुद्दाम ऐकावा. तो निसर्गतःच पेटीच्या ग पेक्षा थोडा उतरलेला असतो. ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे त्याला हा गंधार गोड लागेल, कॅसिओवाल्याला बेसूर.

वाद्याची तब्येत तपासताना डोळ्यांत भरतात ते भोंग्यावरचे पोचे, आणि महत्त्व त्यांना सगळ्यात कमी. खरी परीक्षा स्लाइडची. कुलूप काढून, बाहेरची नळी हाताने सांभाळत, वाद्य उभं धरावं; हात सैल केला की नळी स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली यायला हवी. मग आतल्या नळीची दोन्ही तोंडं बंद करून बाहेरची नळी ओढून सोडावी. ती थोडी मागे खेचली गेली तर हवा धरून आहे. सरळ घसरली तर नळ्या झिजलेल्या आहेत, आणि असा ट्रॉम्बोन हळू स्वरात कधीच धड बोलणार नाही. पितळेवर गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मध्यभागी काळसर बिंदू दिसले तर पितळेतलं जस्त निघून गेलं आहे, पत्रा आतून पोखरला आहे. माउथपीस बसतो त्या नळीत आणि स्लाइडच्या वळणात हा रोग आधी दिसतो. वळण बदलता येतं, पूर्ण स्लाइड बदलायची तर वाद्याच्या किमतीइतका खर्च.

भोंग्याचे पोचे काढायला हात लावू शकेल असा तांबट इतवारीत किंवा भंडाऱ्याला शोधता येईल. भंडारा तर पितळी भांड्यांसाठीच ओळखला जातो. पण स्लाइडला त्याने हातोडी लावू नये. ती नळी घासून-ठोकून सरळ करणं हे वाद्य दुरुस्त करणाऱ्याचंच काम. समई-तांब्यासारखा ट्रॉम्बोन चिंचेने किंवा पितांबरीने घासायचा मोह घरातल्या मोठ्यांना होतो, तोही आवरावा. त्याने कोरीव अक्षरं झिजतात, चांदीचा मुलामा जातो, आणि विकताना वाद्याची ओळखच पुसली जाते. कोमट पाणी, साधा साबण आणि लवचीक ब्रश एवढं पुरे. पाणी कढत नको, लाखेचा थर सुटतो.

स्लाइडला तेल नव्हे, तिच्यासाठीचं क्रीम लागतं. जुने वादक चक्क पाँड्सचं कोल्ड क्रीम बोटावर घेऊन आतल्या नळीच्या टोकांना पातळ चोळत आणि वर पाण्याचा फवारा मारत. ही युक्ती आजही चालते. नागपुरात फेब्रुवारीनंतर तो फवारा दर दोन-तीन गाण्यांनी मारावा लागतो, कारण पाणी उडून जातं आणि नळी चिकटते. पावसाळ्यात तेवढी घाई नसते. वाजवून झाल्यावर स्लाइड पुसून, पाण्याची कळ उघडून, पेटी थोडा वेळ उघडी ठेवावी आणि मगच बंद करावी. बंद गाडीच्या डिकीत मात्र मे महिन्यात ट्रॉम्बोन ठेवू नये. तिथल्या उष्णतेत जुन्या पेटीतला सरस सुटतो, आतला आधार निखळतो, आणि भोंग्याचं वजन येऊन स्लाइडचा बाहेरचा पाय वाकतो.